नंबर घातलेली झाडं

११ जून

मामा,

वाकून नमस्कार करायला या खोलीत जागा नाही, म्हणून बसल्या जागेवरून मनातल्या मनात केलाय, तो धरून चाल. तुझा फोन कड्यावर चढल्याशिवाय लागत नाही, आणि चढल्यावर तू बोलत नाहीस, नुसता धापा टाकतोस. म्हणून पत्र. बुधवारी चौकीवर सामान घेऊन येणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरने हे तुझ्या हातात दिलं का ते कळव. मागचं त्याने आठवडाभर खिशात फिरवलं होतं.

पदवी मिळून आज बरोबर एक वर्ष झालं. निरोपाच्या दिवशी कॉलेजने आम्हाला एक पुस्तिका वाटली होती, तुला दाखवली होती बघ. ‘नैसर्गिक संसाधन संवर्धन : पदवीनंतरच्या अकरा वाटा’. मुखपृष्ठावर एक मुलगी डोळ्यांना दुर्बीण लावून दात काढतेय. दुर्बिणीतून बघताना कोण हसतं मामा? मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिली वाट वन अधिकाऱ्याची. चार तासांत चौदा किलोमीटर चालायची परीक्षा मी तीन तासांत पार पाडली. तळपायाचे फोड सुकायच्या आत भरतीच रद्द झाली. संस्थेत काम करायची वाट तिसरी. पाणलोटाच्या प्रकल्पावर सात महिने दगड मोजले, मग ‘प्रकल्प पूर्ण झाला’ म्हणून मोठा समारंभ झाला, आणि प्रकल्पाबरोबर आम्हीही पूर्ण झालो. शिकवायला तासावर बोलावतात, पण तासच देत नाहीत. आमच्या वर्गातला उंच्या, जो नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचा, तो आता विमा विकतो. परवा भेटला तर माझ्या आईचं वय विचारत होता.

आईचं म्हणशील तर ती कारखान्यात गणवेश शिवते तशीच शिवते. पण सुईत दोरा ओवायला आता मला हाक मारते. डोळ्यांचं काहीतरी करायला पाहिजे, हे ती सोडून सगळ्यांना दिसतं.

उद्या एका ठिकाणी मुलाखत आहे. पर्यावरण सल्लागार. पुस्तिकेतली नववी वाट.

तुझी टिटवी

•

२० जून

टिटवे,

पत्र मिळालं. ड्रायव्हरने या खेपेला खिशात नाही ठेवलं, त्यावर चहाचा कप ठेवला. पण वाचता आलं.

तुझ्या त्या पुस्तिकेत माझी वाट कितवी गं? नसेलच. मला वन विभागाने एक काठी दिली, ही चौकी दिली आणि सांगितलं, हा उतार राख. राखण्यासारखं होतं काय तेव्हा? नुसते खुंट. आधीच्या लोकांनी सगळं तोडून नेलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांत एक झाड लावलं नाही, खोटं कशाला बोलू. फक्त कुऱ्हाड आणि गुरं आत येऊ दिली नाहीत. खुंटांना फुटवे आले ते त्यांचे ते आले. आता खालचा झरा भर उन्हाळ्यातही चालू असतो. लोक विचारतात, तुम्ही काय केलंत? मी म्हणतो, काही करू दिलं नाही.

तुझ्या प्रबंधाच्या वेळी आपण झाडांवर घातलेले नंबर अजून आहेत. एकच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून तू ऑइलपेंटचा डबा घेऊन आली होतीस. पाचशेपर्यंत तू घातलेस, मग तुझा खांदा भरून आला, पुढचे मी. दोन हजार तीनशे बारा. पुसट झाले की मी पुन्हा रंगवतो. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, ही माझ्या भाचीच्या अभ्यासातली झाडं आहेत.

एक बातमी. पलीकडचा डोंगर खडी काढून काढून संपला, आता क्रशरवाल्याची नजर आपल्या उतारावर आहे. परवानगी मागितलीय. आमचे साहेब म्हणाले, घाबरू नका, आपोआप वाढलेलं जंगल असेल तर त्याला हात लावता येत नाही, पाहणीवाले येतील आणि तसं लिहून जातील. माझी नोकरी मार्चपर्यंत. तेवढं डोळ्यांदेखत पक्कं झालं की मी सुटलो.

तू मुलाखतीत घडाघडा बोलू नकोस. तुला टिटवी उगाच नाही म्हणत.

मामा

•

२९ जुलै

मामा,

लागली नोकरी. चौथा मजला, लिफ्टबाहेर प्लास्टिकच्या पानांची कुंडी. आत सोळा टेबलं, एक माझं. मुलाखतीत मी कमी बोलले, म्हणून लागली असं धरून चाल.

काम काय, तर कुणाला खाण काढायची असते, कुणाला रस्ता, कुणाला कारखाना. त्या जागेवर काय आहे आणि ते गेलं तर काय होईल, याचा अहवाल आम्ही लिहितो. आणि आम्हाला पगार कोण देतं, तर ज्याला खाण काढायचीय तोच. हे मला पहिल्या दिवशी विचित्र वाटलं, तिसऱ्या दिवशी कमी वाटलं.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे डकवसाहेब म्हणतो. नवा अहवाल म्हणजे जुना अहवाल उघडायचा, जागेचं नाव बदलायचं, नकाशा डकवायचा. मागच्या आठवड्यात मी एका उजाड माळाच्या अहवालात पाणकोंबड्यांचे चौदा थवे शोधून काढले. साहेबांना दाखवलं. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, ‘तुमचं लक्ष चांगलं आहे, तुम्ही मजकुराकडे बसा.’ आता मी मजकूर लिहिते. बाहेर दुसरे जातात, फोटो आणतात, मी चौथ्या मजल्यावर बसून जंगल बघते.

वर्षअखेरीला कायम करतात. कायम झालं की घरच्यांच्या दवाखान्याची सोय ऑफिस करतं. आईला अजून सांगितलं नाही. आशा लावली की ती चष्मासुद्धा बदलणार नाही.

उताराचं काय झालं? तुझे साहेब म्हणाले ते बरोबर आहे. नैसर्गिक वनाला हात लावता येत नाही. लावलेली झाडं असली तरच, दुसरीकडे तेवढी रोपं लावून देतो म्हणून काढता येतात. तुझा उतार लावलेला नाही हे आंधळ्यालाही कळेल.

टिटवी

•

१९ ऑगस्ट

टिटवे,

तुझं पत्र आलं आणि तिसऱ्याच दिवशी पाहणीवाले आले. दोघं होते, पोरगेलेसे, बूट कोरे. चाळीस मिनिटं थांबले. एकाला जळू लागली तर त्याने रान डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, वरपर्यंत चला, जुने खुंट दाखवतो, कशातून काय फुटलं ते बघा. म्हणाले, वेळ नाही काका.

पण आपले नंबर बघून खूश झाले. एक म्हणाला, इतकं व्यवस्थित आम्ही कुठेच बघितलं नाही. भराभर फोटो काढले. मी सांगितलं, एकूण एक झाडाला नंबर आहे, एक चुकलेलं नाही, पाहिजे तर मोजा. माझी छाती कशी फुगली म्हणून सांगू.

आणि आता खरी गंमत. त्यांच्या गाडीच्या दारावर जे नाव होतं ते तुझ्या पत्राच्या पाकिटावर छापलेलं आहे. तुझंच ऑफिस. मी त्यांना काही बोललो नाही, तुझी ओळख काढून उगाच तुला ओशाळं कशाला करू. पण परत येताना एकटाच हसत आलो. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं उतार राखला तो या दिवसासाठी. कागद आपल्या पोरीच्या टेबलावर जाणार.

तुला काय लिहायचं ते मी सांगायला नको. तुझ्या प्रबंधातच सगळं आहे.

मामा

•

२७ सप्टेंबर

मामा,

उत्तराला उशीर झाला. कामाचा रगाडा होता, आणि आईला दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू पिकलाय म्हणाले, दोन्हीकडचा. आता ती गणवेशाची बटणं चाचपून लावते.

तुझ्या उताराची फाइल आहे खरी आमच्याकडे. पण ऑफिसात कामं वाटलेली असतात, सगळं सगळ्यांच्या टेबलावर येत नाही. तू कुणाजवळ माझं नाव घेऊ नकोस, त्याने बिघडतं. पुढे सरकारची समिती येईल, ती पुन्हा जागेवर बघेल, शेवटचं तेच ठरवतात.

दुसरं एक. झाडांवरचे ते नंबर आता कशाला ठेवतोस? माझा अभ्यास केव्हाच संपला. पुसून टाक सगळे. रंगामुळे सालीला त्रास होतो असं मी वाचलंय. घासून काढ किंवा वरून माती फास. जमलं तर लवकर कर, थंडी सुरू व्हायच्या आत.

तब्येतीला जप. कड्यावर चढू नकोस.

टिटवी

•

२४ ऑक्टोबर

टिटवे,

सालीला त्रास होतो म्हणे. मला शिकवतेस? तीन वर्षं रंग लावतोय, एका झाडाला खरूज आली नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग मला उमगलं. तुला वाटतंय, मामा म्हातारा झाला, या वयात डबा धरून उतारावर घसरत फिरतो, कुठेतरी पाय मोडून घेईल. तसं सरळ सांगितलं तर ऐकायचा नाही, म्हणून सालीचं निमित्त. तुझी आईही लहानपणी असंच करायची. मला झाडावरून उतरवायचं असलं की म्हणायची, खाली पाहुणे आलेत.

तर तुझ्या काळजीला मान दिला आणि तुझं ऐकलं नाही. समिती येणार हे तूच कळवलंस. समिती येणार आणि आपले नंबर अर्धे पुसट? शोभतं का ते? विभागाकडून दोन डबे मागवले. अकरा दिवस लागले. सगळे दोन हजार तीनशे बारा नव्याने काढले, ठळक, लांबून वाचता येतील असे. मधल्या तीन वर्षांत जी नवी वर आली त्यांनाही पुढचे नंबर घातले. तुझ्या हातचे पाचशे मात्र तुझ्याच वळणावर ब्रश फिरवून काढले, अक्षर बदललं नाही. तू सातच्या पोटात आडवी रेघ मारतेस ना, तीसुद्धा ठेवली.

समिती परवा येऊन गेली. पाच माणसं. खालच्या वाटेवरूनच दिसत होतं सगळं, पांढरं पांढरं ओळीने. त्यांना वर चढावंसुद्धा लागलं नाही. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘फार निगा राखलीत.’ मी तुझं नाव घेतलं नाही, पण ओठांवर आलं होतं.

आता निकालाची वाट बघायची. ताईला सांग, डोळ्यांचं घाबरू नकोस.

मामा

•

१९ डिसेंबर

मामा,

निकाल तुला कळला असेल. हे पत्र मी सहा वेळा लिहून फाडलंय, आज फाडणार नाही.

फाइल माझ्याच टेबलावर होती. पहिल्या दिवसापासून. त्या दोन पोरांनी आणलेले फोटो डकवसाहेबांनी माझ्यासमोर ठेवले. सगळ्यात वरचा फोटो चारशे सतरा नंबरच्या झाडाचा होता, सातच्या पोटात रेघ. तो मी घातला होता. त्या दिवशी तू शिडी धरली होतीस, आणि मी खाली रंग सांडला म्हणून ओरडला होतास.

साहेब म्हणाले, ‘नंबर आहेत म्हणजे लागवड दिसते. जंगलातल्या झाडांना कोण नंबर घालतं?’

मी सांगितलं मामा. एवढं मात्र खरं. मी सांगितलं, हे नंबर अभ्यासाचे आहेत, मीच घातलेत, ही झाडं खुंटांतून वाढलीत. ते काही ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘मग तसं लिहा. लिहायचं तुमच्या हातात आहे. डिसेंबरात कायम कुणाला करायचं ते माझ्या हातात आहे.’ आणि जेवायला निघून गेले.

मी दुपारभर बसून राहिले. मग लिहिलं. ओळ अशी आहे: ‘सर्व वृक्षांवर अनुक्रमांक असल्याने सदर क्षेत्र लागवडीचे असून नैसर्गिक वन नाही.’ झाडांची संख्या माझ्या प्रबंधातून घेतली. शेवटी संदर्भांच्या यादीत प्रबंधाचं नावही आहे. माझं लिखाण छापून आलं ते एवढंच.

मला वाटलं होतं, समितीला वर जाऊन खुंट दिसतील. ते स्वतःच ओळखतील, माझी ओळ खोडतील, आणि माझ्यावर काही येणार नाही. फक्त नंबर दिसता कामा नयेत. म्हणून तुला पुसायला सांगितलं. कारण लिहिलं असतं तर तुला सगळंच कळलं असतं. मला ते नको होतं. मी सालीची थाप मारली. तुझं पत्र आलं, अकरा दिवस, नवे दोन डबे, तेव्हा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मी कायम झाले. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. तिला वाटतं मी देवमाणसांच्या ऑफिसात काम करते.

तू म्हणशील तर नोकरी सोडते. तू म्हणशील तर समितीला लिहून देते, सहीनिशी. काय करू ते सांग.

टिटवी

•

२१ फेब्रुवारी

तुझं पत्र डिसेंबरातच मिळालं. उत्तर द्यायला हात वळत नव्हता. राग होता, तो अजून आहे. गेला असं लिहिणार नाही.

ताईच्या डोळ्यांचं चांगलं झालं हे वाचून बरं वाटलं. ते खरंच वाटलं, टोमणा नाही. दुसऱ्याचंही झालं असेल. तिला यातलं काही सांगू नकोस. आता तिला दिसायला लागलंय, तर चांगलं काही बघू दे.

नोकरी सोडू का विचारतेस. मला कशाला विचारतेस? ती ओळ लिहिताना विचारलं नाहीस. मी नको म्हटलं तर तुला सुटल्यासारखं वाटेल आणि सोड म्हटलं तर माझ्या बहिणीच्या डोळ्यांचं पाप मी घ्यायचं. तुझं तू बघ. समितीला लिहून देऊन आता उपयोग नाही, काम सुरू झालं आहे. जानेवारीत लिहिलं असतंस, न विचारता, तर कदाचित थांबलं असतं.

तू ऑफिसात जे लिहिलंस ते मी एक वेळ समजू शकतो. पोट सगळ्यांना आहे, मीही साहेबांपुढे मान खाली घालून दिवस काढले. पण मला पत्र लिहीत होतीस ना? पानभर लिहिलंस. त्यात एक ओळ जास्त लिहायची होती. ‘मामा, नंबर दिसले तर लागवड समजतील.’ एवढीच. मी एका दिवसात सगळा उतार चिखलाने सारवला असता. तुला शिव्या दिल्या असत्या, पण सारवला असता. तुला माझ्यासमोर चांगलं राहायचं होतं, म्हणून तू मला रंग लावू दिलास. अकरा दिवस. दोन डबे विभागाकडे मी विनवण्या करून मागितले होते.

आता इथली हकिकत. झाडं पाडायच्या आधी यादी करावी लागते, कुठलं कुठलं पाडलं त्याची. एरवी पंधरा दिवस जातात. इथे नंबर तयारच होते, म्हणून चार दिवसांत उरकलं. नंबर वाचायला माहितगार माणूस पाहिजे म्हणून विभागाने मलाच पाठवलं. निवृत्तीला महिना राहिलेला, नाही म्हणायची सोय नाही. तुझ्या पुस्तिकेत ही वाट नसेल, लिहून घे.

ठेकेदाराचा माणूस वही घेऊन माझ्याबरोबर. मी नंबर मोठ्याने वाचायचा, त्याने खूण करायची, मागून करवतवाले. तो माणूस स्वभावाने वाईट नव्हता. दर तासाला मला बसवून पाणी द्यायचा. सारखं म्हणायचा, काका, तुमचं काम किती व्यवस्थित आहे, असं कुठे मिळत नाही. झरा अजून वाहतोय, पण गढूळ. चौकी महिनाअखेरीला पाडणार आहेत. जीप आता इकडे येत नाही, तेव्हा पत्र पाठवू नकोस. मी कुठे राहीन ते ताईला कळवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारशे सतरावर आलो. सातच्या पोटात रेघ. मी उभाच राहिलो. त्या माणसाने वही खाली केली आणि विचारलं, ‘काय झालं काका, वाचता येत नाही का?’

मी म्हटलं, येतं. आणि वाचला.

मामा